कॅरॅव्हॅन ओढताना कारचा टायर गेला आणि डिकीत फक्त स्पेस-सेव्हर स्टेपनी: काय करायचं आणि काय टाळायचं

ब्रिटनमध्ये उन्हाळी सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न हमखास येतो. लोक कारच्या मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून एम ५ मोटरवेवरून डेव्हन-कॉर्नवॉलकडे निघालेले असतात, कारचं मागचं चाक बसतं, डिकीतलं सगळं सामान उपसावं लागतं आणि तळातून निघते ती स्कूटरला शोभेल अशी बारीक, म्हणजेच स्पेस-सेव्हर स्टेपनी. ती लावून कॅरॅव्हॅनसकट पुढे जायचं का?

नाही. अनेक गाड्यांच्या हँडबुकात स्पेस-सेव्हर लावलेली असताना काहीही ओढायला सरळ मनाई असते. मनाई लिहिलेली नसेल तर तेवढ्यावरून परवानगी गृहीत धरू नये. या स्टेपनीचं काम एकच: कॅरॅव्हॅन सोडून एकटी कार जवळच्या टायरच्या दुकानापर्यंत नेणं. या विषयावरची बरीचशी डोकेदुखी या एका वाक्याने मिटते. उरते ती, म्हणजे कॅरॅव्हॅनचं काय करायचं आणि पुढच्या वेळी हे कसं टाळायचं, ती खाली.

“पण तिचा लोड इंडेक्स तर जास्त आहे”

हा युक्तिवाद जाणकार माणसंच करतात, म्हणून तो नीट बघू. २०५/५५ आर १६ मापाच्या नेहमीच्या टायरवर ९१ हा लोड इंडेक्स असतो, म्हणजे ६१५ किलो. त्याच गाडीच्या टी १२५/८० आर १६ स्टेपनीवर ९७ असतो, म्हणजे ७३० किलो. पुढचं ‘एम’ अक्षर वेगमर्यादेचं, ताशी १३० किलोमीटर. कागदावर स्टेपनीच दणकट दिसते.

आकडे खरे आहेत, पण ते फक्त सरळ खाली येणाऱ्या वजनाबद्दल बोलतात. ते वजन ती पेलते कारण तिच्यात ४.२ बार, म्हणजे ६० पीएसआय हवा असते. आणि नेमकी तीच हवा रस्त्यावरची पकड कमी करते. ढोबळ हिशोब असा: मागच्या चाकावर ५०० किलो भार असेल तर २.५ बारच्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण १९५ चौरस सेंटीमीटर होतो. ४.२ बारला तो ११५ च्या आसपास येतो. रस्त्याला टेकलेला जवळजवळ चाळीस टक्के भाग गेला, आणि तोही एकाच बाजूचा. वर स्टेपनीची नक्षी मुळातच उथळ असते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर, म्हणजे ब्रिटनमधल्या बहुतेक रस्त्यांवर, फरक आणखी वाढतो.

कॅरॅव्हॅन ओढताना कारच्या मागच्या टायरांकडून अपेक्षा असते ती आडव्या ताकदीची. शेजारून ट्रक गेला किंवा पुलावर वारा लागला की कॅरॅव्हॅन टोबॉलला, म्हणजे कारच्या मागे ती जोडायच्या गोळ्याला, डावी-उजवीकडे ढकलते. तो टोबॉल मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असल्याने तिला तरफ मिळते आणि कारची शेपटी हलते. शेपटी जागेवर धरून ठेवायचं काम मागच्या दोन टायरांच्या कडांचं. त्यातला एक अचानक १२५ मिलिमीटर रुंदीचा झाला की दोन बाजूंची ताकद वेगळी पडते, आणि एरवी दोन हेलकाव्यांत शांत झाली असती ती डोल वाढत जाते. स्टॅबिलायझर हिच (डोल दाबणारी जोडणी) असो की कॅरॅव्हॅनमधली एटीसी (डोल जाणवताच तिचे ब्रेक लावणारी यंत्रणा), दोन्ही डोल कमी करतात. पण कारच्या टायरला नसलेली पकड ती आणून देऊ शकत नाहीत. कारमधला ट्रेलर स्टॅबिलिटी प्रोग्रॅम तर चाकांना वेगवेगळा ब्रेक लावूनच काम करतो. ज्या चाकाला पकड नाही, तिथे ब्रेक लावून तो काय साधणार?

भाराचंही एक गणित पुष्कळदा चुकतं. नोजवेट, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचा टोबॉलवर येणारा भार, ८० किलो म्हणजे मागच्या ॲक्सलवर ८० किलो वाढले, असं नाही. चाकांमधलं अंतर २.७ मीटर आणि टोबॉल मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे असेल, तर ८० गुणिले ३.७ भागिले २.७, म्हणजे जवळपास ११० किलो वाढतात. वरचे ३० किलो पुढच्या ॲक्सलवरून उचलले जातात. शिवाय डिकीत सामान, मागच्या सीटवर पोरं. म्हणजे सगळ्यात जास्त काम करणारा ॲक्सल तोच.

मग पुढे लावली तर?

हा उपाय सुचवणारे भेटतात: मागचं चाक गेलं तर पुढचं चांगलं चाक मागे न्या आणि स्टेपनी पुढे लावा. इथे अडचण व्यासाची. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ मिलिमीटर, टी १२५/८० आर १६ चा ६०६. चार टक्के लहान. म्हणजे दर किलोमीटरला स्टेपनीचे सुमारे २१ फेरे जास्त होतात. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत स्टेपनी पुढे असेल तर सरळ रस्त्यावरही डिफरेन्शियल सतत फिरत राहतो. एरवी तो वळणावर थोडा वेळ काम करतो, इथे त्याला विश्रांतीच नाही. त्यात दीड टनाची कॅरॅव्हॅन ओढायचा जोर त्याच्यातूनच जातो. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, चढावर निघताना स्टेपनी घसरते, आणि जोरात ब्रेक लावल्यावर कार तिरपी होऊ शकते. मागून ढकलायला कॅरॅव्हॅन आहेच.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत प्रश्न आणखी नाजूक. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या कपलिंगला चाकांच्या वेगातला फरक म्हणजे घसरणं वाटतं. ते लॉक होत राहतं आणि तापतं. अशा गाडीत कॅरॅव्हॅन नसतानाही स्टेपनीवर किती अंतर जायचं याची मर्यादा हँडबुकात बघावी.

थोडक्यात, एकट्या कारला, ती पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर, स्टेपनी मागे लावणं बरं. पुढचा टायर गेला असेल तर मागचं चांगलं चाक पुढे आणि स्टेपनी मागे, अशी दोन वेळा जॅक लावण्याची मेहनत घ्यावी. कॅरॅव्हॅन जोडलेली असताना मात्र तिला योग्य अशी जागाच नाही.

रस्त्यावर चाक गेल्यावर

मोटरवेवर असाल तर पाना हातात घेऊ नका. ब्रिटनचा हायवे कोड मोटरवेवर साधी दुरुस्तीसुद्धा करू नका म्हणतो, आणि वॉर्निंग ट्रँगलही तिथे लावायचा नसतो. शेपटी हलायला लागली किंवा टायरच्या हवेचा दिवा पेटला की आधी ॲक्सिलरेटर सोडा. जोरात ब्रेक नाही, स्टिअरिंगची झटापट नाही. गाडी ताब्यात असेल तर पुढचा फाटा किंवा सर्व्हिसेस (मोटरवेवरचा थांबा) गाठा; नसेल तर इमर्जन्सी एरिया, तेही नसेल तर हार्ड शोल्डर, होता होईल तेवढं डावीकडे. धोक्याचे दिवे लावा, सगळे डाव्या दारातून उतरा आणि कठड्यापलीकडे जाऊन थांबा. कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन चहा करत बसणारे लोक असतात, तसं अजिबात नको. डावीकडे जाता आलंच नाही आणि गाडी चालू लेनमध्ये अडकली, तर ९९९.

ब्रेकडाउन सेवेला फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा: कार आणि कॅरॅव्हॅन दोन्ही आहेत, कॅरॅव्हॅनची लांबी अमुक, वजन अमुक, स्टेपनी स्पेस-सेव्हर आहे. हे न सांगितल्यास एकट्या कारसाठीची गाडी येते आणि तास वाया जातो. पॉलिसीत कॅरॅव्हॅन धरली आहे का आणि लांबीची मर्यादा किती, हे निघण्याआधी वाचलेलं बरं. हिचपासून मागच्या बंपरपर्यंतची लांबी धरतात की फक्त बॉडीची, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

ले-बाय (रस्त्याकडेची थांबायची जागा), सर्व्हिसेसचं पार्किंग किंवा कॅम्पसाइट अशी सपाट, टणक, वाहतुकीपासून दूर असलेली जागा असेल तर चाक स्वतः बदलता येतं. क्रम महत्त्वाचा आहे.

१. कारचा हँडब्रेक, ऑटोमॅटिकला पी किंवा मॅन्युअलला पहिला गिअर. कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक पूर्ण वर आणि तिच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.

२. कारचं मागचं चाक बदलायचं असेल तर कॅरॅव्हॅन सोडा. जोडलेली ठेवून कार उचलली तर नोजवेट जॅकवर येतं, हिच पिळवटते आणि कॅरॅव्हॅन जरा सरकली तरी कार जॅकवरून ढकलली जाते. जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनचं पुढचं आधाराचं चाक) टेकवा, दिव्यांचा १३ पिनी प्लग आणि ब्रेकअवे केबल (कॅरॅव्हॅन सुटली तर तिचा ब्रेक ओढणारी) काढा, हिच टोबॉलवरून वर घ्या आणि कार एखाद मीटर पुढे घ्या. फाटलेल्या टायरवर एवढं अंतर चालतं. तो टायर तसाही गेलाच आहे. उतारावर हे करू नये, तिथे मदतीची वाट पाहावी.

३. स्टेपनी लावण्याआधी तिची हवा तपासा. बाजूवर ४.२ बार किंवा ६० पीएसआय छापलेलं असतं. ती बसवण्याआधीच भरणं सोपं जातं.

४. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट अर्धा फेरा सैल करा, मग हँडबुकातल्या खाचेवरच जॅक लावा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक निसटला तर गाडी त्यावर टेकेल.

५. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, स्टेपनी बसवा, बोल्ट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करा. कार खाली घेतल्यावर शेवटचा टॉर्क. बऱ्याच कारना १०० ते १४० न्यूटन-मीटर लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा हँडबुकात बघा. ५० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा.

बोल्टवर जरा थांबायला हवं. अलॉय चाक नंतर दुसऱ्या कंपनीचं बसवलेलं असेल तर त्याचे बोल्ट स्टीलच्या स्टेपनीला चालतीलच असं नाही. बोल्टचं डोकं शंकूसारखं आहे की गोल, ही पहिली गोष्ट. लांबी ही दुसरी: अलॉयचा लांब बोल्ट पातळ स्टीलच्या चाकातून आत जाऊन हँडब्रेकच्या भागांना घासू शकतो. असं असेल तर स्टेपनीसाठी वेगळे चार-पाच बोल्ट पिशवीत बांधून तिच्यासोबतच ठेवा. लॉकिंग बोल्टची किल्लीही तिथेच ठेवा.

आता कॅरॅव्हॅनचं काय? घरातलं एक मोठं माणूस, ले-बायमध्ये नव्हे तर त्याहून सुरक्षित जागी, थांबू शकत असेल तर कार एकटी टायरवाल्याकडे न्यावी, जास्तीत जास्त ताशी ५० मैलांनी. कॅरॅव्हॅन एकटी सोडायची वेळ आलीच तर हिचलॉक आणि चाकाचा क्लॅम्प लावा. विमा कंपन्या चोरीच्या दाव्यात हे विचारतात. दुसरा आणि सहसा स्वस्त पडणारा मार्ग म्हणजे फिरता टायरवाला. मात्र त्याला माप, लोड इंडेक्स आणि गाडीचा क्रमांक फोनवरच सांगता आला पाहिजे. २०५/५५ आर १६ सहज मिळतो. एसयूव्हीचा १९ इंची टायर रविवारी संध्याकाळी मिळेलच याची खात्री नाही.

जिथे थांबलो आहोत तीच जागा धोकादायक असेल आणि मदत दूर असेल, तेव्हा स्टेपनीवर कॅरॅव्हॅनसकट पाचशे मीटरवरच्या ले-बायपर्यंत चालण्याच्या वेगाने सरकणं समजू शकतं. ती परवानगी नव्हे. दोन धोक्यांतला लहान निवडणं आहे. तिथून पुढे दहा मैल “तेवढंच” नाही. अपघात झालाच तर हँडबुकातली मनाई विमा कंपनी सगळ्यात आधी वाचेल.

टायर सीलंटचं किट असेल तर

आजकाल अनेक कारमध्ये स्टेपनीच नसते, एक बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. भारतातही २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिली नाही, त्यामुळे ही बाटली पुण्या-मुंबईतही दिसते. ती नक्षीत घुसलेल्या खिळ्याच्या भोकाला चालते, बाजूच्या चिरेला नाही. कॅरॅव्हॅनच्या भाराखाली टायर हवा नसताना थोडा जरी चालला असेल तर बाजू आतून भरडली गेलेली असते, आणि मग बाटली ओतण्यात अर्थ नाही. सीलंटवरही ताशी ५० मैलांचीच मर्यादा असते आणि ओढायची परवानगी आहे का हे हँडबुकातच शोधावं लागतं. बाटलीवर मुदत छापलेली असते. बरेच जण ती बाटली गाडी घेतल्यापासून बाहेरच काढत नाहीत.

दर सुट्टीत मागचाच टायर का जातो?

हाच खरा वारंवार येणारा बिघाड, आणि कारण बहुतेक वेळा हवा. दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर दोन रकाने असतात, हलक्या भाराचा आणि पूर्ण भाराचा. कॅरॅव्हॅन ओढताना दुसरा रकाना धरायचा, आणि काही हँडबुकांत मागच्या टायरांत त्याहूनही किमान ०.२ बार जास्त सांगितलेलं असतं. लोक हवा रोजच्या रकान्याने भरतात आणि वर ११० किलो लादतात. टायरची बाजू जास्त वाकते, तापते आणि आतले धागे सुटायला लागतात. टायर फुटतो तेव्हा रस्त्यावरच्या खिळ्याला दोष दिला जातो. हवा थंड टायरमध्ये भरा. पेट्रोल पंपापर्यंत वीस मैल जाऊन भरली तर गेज जास्तच दाखवतं.

हळूहळू हवा जात असेल आणि खिळा सापडत नसेल तर अलॉयची कड बघा. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते टायर आणि रिमच्या सांध्यात जाऊन ॲल्युमिनियम पांढरं पडून फुगतं. साबणाचं पाणी फिरवल्यावर कडेने बारीक बुडबुडे आले तर हेच. टायर उतरवून कड घासून साफ करायची आणि बीड सीलर लावून परत बसवायची. नुसती हवा भरत राहिलं तर पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच.

भारतातून आलेल्यांना एक सवय असते ती मोडावी लागते: टायर न उतरवता बाहेरून चिकट दोरी खुपसून पंक्चर काढणं. नाशिक-धुळे रस्त्यावर दहा मिनिटांत होणारं ते काम इथे कायमची दुरुस्ती मानलं जात नाही. ब्रिटिश मानक बीएस एयू १५९ नुसार टायर उतरवून आतून तपासायचा आणि आतून मशरूमच्या आकाराचा प्लग लावायचा, तोही नक्षीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागातच. दोरी लावलेला टायर कॅरॅव्हॅनच्या भाराखाली मोटरवेवर नेऊ नये.

कायमचा तोडगा: पूर्ण मापाची स्टेपनी

दरवर्षी कॅरॅव्हॅन ओढत असाल तर हा खर्च करावा. बाकी सगळं जुगाड आहे. त्याच पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक आणि ऑफसेटचं (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते) स्टीलचं किंवा जुनं अलॉय चाक घ्या, त्यावर त्याच मापाचा आणि लोड इंडेक्सचा टायर. विकत घेतल्यावर पुढच्या हबवर एकदा लावून फिरवून बघा. पुढचे ब्रेक मोठे असल्याने १६ इंची स्टील चाक कॅलिपरला घासू शकतं, आणि हे घरच्या अंगणात कळलेलं चांगलं.

डिकीतल्या खड्ड्यात ते मावेल का, हे टेपने मोजा: २०५/५५ आर १६ ला ६३२ मिलिमीटर व्यास आणि निदान २१५ मिलिमीटर खोली लागते. खोली कमी असेल तर डिकीची फळी वर येते. थर्माकोलची चौकट बसवून ती सपाट करता येते. खड्डा अगदीच लहान असेल तर पूर्ण चाक कॅरॅव्हॅनमध्ये न्या, पण ॲक्सलच्या वर, जमिनीवर, पट्ट्याने आवळून. समोरच्या गॅसच्या कप्प्यात नको. हिचपासून ॲक्सल ४ मीटर आणि कप्पा ॲक्सलच्या ३ मीटर पुढे असेल तर २० किलोचं चाक नोजवेट १५ किलोंनी वाढवतं, आणि आधीच ८० किलो असेल तर ८५ किलोंची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. मागच्या टोकाला ठेवलं तर नोजवेट कमी होऊन डोल सुरू होते, ते त्याहून वाईट. हे २० किलो कॅरॅव्हॅनच्या कमाल वजनातूनच वजा होतात हेही धरा.

कॅरॅव्हॅनची स्वतःची स्टेपनी असेल तर ती सहसा कारला चालत नाही. बोल्टचं वर्तुळ, हवा, बरंच काही वेगळं असू शकतं. पण हात लागलाच आहे तर तिचा खालचा कॅरिअर वर्षातून एकदा बाहेर ओढून ग्रीस लावा. तो गंजून अडकला की चिखलात पाठीवर झोपून हातोडा मारायची वेळ येते.

स्पेस-सेव्हर वापरून झाली की परत खड्ड्यात टाकण्याआधी बाजूंवर चिरा नाहीत ना बघा, ४.२ बारपर्यंत हवा भरा आणि बाजूवरचा चार आकडी तारीख-कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. दहा वर्षांची स्टेपनी नवी दिसते कारण ती अंधारात असते. रबर तेवढंच जुनं झालेलं असतं. टायरवाला बाकीच्या चार टायरांत हवा भरतो तेव्हा पाचव्याचं झाकण सहसा उघडत नाही, त्यामुळे तिच्यात ६० च्या जागी ३० पीएसआय सापडणं नित्याचं. सहलीला निघण्याच्या आदल्या दिवशी, सामान भरण्याआधी, ती वर काढून मोजा.